जेलीबीन्सचं सुप्रीम कोर्ट

मी अमेरिकेला अजून गेलेली नाही. पण तिथलं सरकार कसं चालतं याबद्दल मला जे थोडंफार कळतं, ते मी मेलबर्नमध्ये शिकले, दर बुधवारी टार्निट या उपनगरातून ट्रेनने जाऊन.

तेव्हा भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा लोंढा जोरात होता. टार्निटच्या नव्या वसाहतींत रस्ते अजून पूर्ण व्हायचे होते, पण घरं भरली होती. आम्ही चार मुली एका भाड्याच्या घरात राहायचो. माझ्या खोलीतली मैत्रीण पुण्याची, आयटीत मास्टर्स करणारी. मी लातूरची, सोशल वर्क शिकणारी. दोघींनाही एक विषय कुठल्याही विभागातून निवडायची मुभा होती. आम्ही यादी घेऊन बसलो आणि दोन अटी घातल्या: वर्ग बुधवारी हवा, कारण त्या दिवशी दोघींनाही शिफ्ट नसायची; आणि परीक्षा नको. त्या चाळणीतून एकच विषय खाली पडला, ‘अमेरिकन सरकार’. मैत्रीण म्हणाली, चालेल, निदान बातम्या कळतील.

शिकवणारी बाई मूळची ओहायोची. साठीच्या आसपासची, उंच, आखूड पांढरे केस, आणि आवाज असा की माइकची गरज नाही. ऑस्ट्रेलियन नवऱ्यासोबत इकडे येण्याआधी ती तिच्या राज्याच्या राजधानीत दूध उत्पादकांची लॉबिस्ट होती. म्हणजे आमदारांना भेटून दूधवाल्यांची बाजू मांडायची, त्याचा तिला पगार मिळायचा. मला हे ऐकून धक्का बसला होता. लॉबिस्ट म्हणजे काळा चष्मा लावून पाकीट सरकवणारा कोणीतरी, अशी माझी कल्पना. ही तर बिस्किटं घेऊन वर्गात यायची. मी तिला तीन आठवडे ‘मॅम’ म्हणत राहिले. शेवटी तिनेच हात जोडले आणि नावाने हाक मार म्हणून विनवलं. तरी मला ते जमलं नाही. मग मी हाकच मारायची नाही, नुसता हात वर करायची.

दुसऱ्याच तासाला ती एक मोठी बरणी घेऊन आली. बरणीत रंगीबेरंगी जेलीबीन्स होत्या. तिने सांगितलं की पुढचं सेमिस्टर हा वर्ग म्हणजे एक राज्य असेल. काही जण आमदार, काही वेगवेगळ्या गटांचे लॉबिस्ट, आणि तिघे न्यायाधीश. सेमिस्टरच्या शेवटी एका विधेयकावर मतदान होईल: साखर घातलेल्या पेयांवर कर लावायचा की नाही. आणि या राज्यात जेलीबीन म्हणजे पैसा. पण तो फार वेगळ्या प्रकारे खर्च होणार होता. एक बीन टेबलावर ठेवली की दहा सेकंद बोलायला मिळतील. बीन नाही तर बोलणं नाही. टेबलावर तिने स्वयंपाकघरातलं एक टायमर ठेवलं.

मग तिने प्रत्येक गटाला बीन्स वाटल्या, आणि अजिबात सारख्या वाटल्या नाहीत. शीतपेयांच्या कंपन्यांना ओंजळभर. डॉक्टरांना मूठभर. शिक्षकांना, शेतकऱ्यांना त्याहून कमी. पेन्शनरांच्या गटाला अगदी मोजक्या. कोणीतरी म्हणालं, हे अन्याय्य आहे. ती म्हणाली, “गुड. आता याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

चिठ्ठ्या टाकल्या. माझी मैत्रीण शीतपेय कंपन्यांची लॉबिस्ट झाली. पेन्शनरांचा गट ज्याच्या वाट्याला आला तो खरोखरचाच पेन्शनर होता: आईवडील ग्रीसहून आलेले, स्वतः आयुष्यभर मेलबर्नमध्ये बस चालवून निवृत्त झालेला, आणि आता वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी डिग्री घ्यायला निघालेला. सगळ्यांना ‘मेट’, म्हणजे ‘दोस्ता’, म्हणायचा. वहीत पेन्सिलीने लिहायचा. आणि मी न्यायाधीश झाले. माझ्याबरोबर एक मलेशियन मुलगा आणि बॅलराटजवळच्या एका शेतावरून आलेली मुलगी.

मी त्या दिवशी घरी फोन केला तेव्हा बाबा किती खूश झाले ते काय सांगू. बाबा जिल्हा न्यायालयात स्टेनोग्राफर होते. तीस वर्षं त्यांनी न्यायाधीशांचे निकाल टाइप केले. आमच्याकडे पौर्णिमेला बुद्धवंदना झाली की संविधानाची उद्देशिका वाचायची पद्धत होती, आणि कोर्ट हा शब्द बाबा जरा मान ताठ करूनच उच्चारायचे. लेकीने वकील व्हावं ही त्यांची इच्छा मी मोडली होती. आता लेक न्यायाधीश झाली, मग ती जेलीबीन्सच्या राज्यात का असेना. त्यांनी शेजारच्या काकांनाही सांगितलं. बहुतेक जेलीबीन्सचा भाग गाळून.

पहिले काही आठवडे आम्हा तिघांना काहीच काम नव्हतं. आम्ही मागच्या बाकावर बसून बघायचो. आमदारांनी पहिला कायदा केला तो असा: एका गटाला एका तासात ठरावीक बीन्सच्या पुढे खर्च करता येणार नाहीत, आणि कुठल्याही आमदाराला बीन्स भेट द्यायच्या तर त्यावरही मर्यादा. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बरोबरच आहे, ज्याच्याकडे जास्त तो सगळा तास खाणार, हे कसं चालेल?

माझी मैत्रीण दुसऱ्याच आठवड्यात कोर्टात आली.

तिचा मुद्दा सोपा आणि अडचणीचा होता. प्राध्यापिकेने आम्हाला एका पानाचं संविधान दिलं होतं, त्यात एक ओळ होती: कोणाच्याही बोलण्यावर बंधन घालणारा कायदा सभागृह करणार नाही. मैत्रीण म्हणाली की या राज्यात बीन म्हणजेच बोलणं आहे. बीन्सवर मर्यादा म्हणजे बोलण्यावर मर्यादा. सबब कायदा रद्द करा.

सुनावणी झाली. मलेशियन न्यायाधीशाचं मत होतं की कायदा ठीक आहे. बॅलराटच्या मुलीचं मत, कायदा सरळसरळ संविधानाविरुद्ध. राहिले मी. निकाल द्यायला एक आठवडा होता.

आणि त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात चमत्कार सुरू झाले.

एरवी आमच्याकडे जेवण म्हणजे खिचडी, फार तर अंडाकरी, तीही जिची पाळी तिने तोंड पाडून केलेली. त्या गुरुवारी मी शिफ्टवरून आले तर मैत्रिणीने थालीपीठं लावली होती. तिच्या आईने पाठवलेली भाजणी, जिला ती कोणाला हात लावू द्यायची नाही. वर लोण्याचा गोळा. शुक्रवारी भरली वांगी. शनिवारी कुठूनतरी ताजी मेथीची जुडी आणून मेथीचं पिठलं. केसबद्दल एक अक्षर नाही. नुसतं, अजून घे, तू दमून आलीयेस. रविवारी जेवण झाल्यावर तिने दोन पानांचं एक टिपण माझ्याजवळ ठेवलं आणि म्हणाली, वाचायचं तर वाच, नाही तर राहू दे, मी नुसते फॅक्ट्स एकत्र केलेत, तुझा वेळ वाचावा म्हणून.

टिपण फार छान होतं. खोटं काही नव्हतं त्यात. तेच तर वाईट. प्राध्यापिकेने आम्हाला सांगितलं होतं की चांगला लॉबिस्ट लाच देत नाही, तो मदत करतो. ज्याच्याकडे वेळ नाही त्याला माहिती तयार करून देतो, आणि काही मागायची घाई करत नाही. माझ्या मैत्रिणीने तो धडा माझ्यावरच वापरला होता, आणि माझ्या पोटात तिच्या आईची भाजणी होती.

मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं, पदार्थांसकट. मग त्यांनी विचारलं की केसमधली बाजू तुझ्याच खोलीत राहते हे कोर्टात सगळ्यांना माहीत आहे का. मी म्हटलं, बहुतेक नाही.

“मग आधी ते सांग,” ते म्हणाले. “खाल्लंस तर खाल्लंस, ते आता परत देता येत नाही. पण निकाल वाचायच्या आधी सगळ्यांसमोर सांग, काय खाल्लं आणि कोणाच्या हातचं. कोणी हरकत घेतली तर ऐकून घे. लपवलेलं थालीपीठ फार जड जातं.”

मग त्यांनी विचारलं, थालीपीठ कसं झालं होतं. मी सांगितलं, खुसखुशीत.

बुधवारी मी उभी राहिले आणि वर्गासमोर सगळं कबूल केलं. थालीपीठ म्हणजे काय हे समजावण्यातच दोन मिनिटं गेली. न्यायाधीशांना बोलायला बीन्स लागत नव्हत्या, म्हणून बरं. मैत्रीण खाली मान घालून हसत होती. डॉक्टरांच्या गटातल्या मुलाने लगेच मागणी केली की मी या खटल्यातून बाजूला व्हावं. मी प्राध्यापिकेकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता. ती म्हणाली की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात बाजूला व्हायचं की नाही हे तो न्यायाधीश स्वतःच ठरवतो, त्याच्या डोक्यावर कोणी नसतं. “सो, इट्स यू,” ती म्हणाली.

मी बाजूला झाले नाही. झाले असते तर एक विरुद्ध एक राहिलं असतं आणि निकालच लागला नसता, हे कारण मी दिलं. खरं कारण हेही होतं की मी तीन पानं लिहून आणली होती आणि मला ती वाचायची होती.

ती तीन पानं लिहिताना माझे चांगलेच हाल झाले होते. मन म्हणत होतं, कायदा टिकव. पण ती ओळ समोर होती, आणि बीन म्हणजे खरोखरच दहा सेकंदांचं बोलणं होतं. कितीही वेळा वाचलं तरी मला त्यातून पळवाट दिसेना. शेवटी मी मधली वाट काढली. आमदाराला भेट दिलेल्या बीन्सवर मर्यादा घालता येईल, कारण त्यातून देवाणघेवाण होते. पण गटाने स्वतः बोलण्यासाठी खर्च केलेल्या बीन्सवर मर्यादा घालता येणार नाही. शेवटी मी एक वाक्य जोडलं होतं, बाबांनी टाइप केलेल्या निकालांमध्ये असायचं तसं: ज्यांच्याकडे बोलायला बीन्सच नाहीत त्यांचा हक्क काय, हा प्रश्न आज या न्यायालयासमोर नाही.

मी बसले तेव्हा प्राध्यापिका म्हणाली की तिच्या देशाच्या कोर्टाने कित्येक वर्षांपूर्वी जवळजवळ हीच रेघ ओढली होती. देणगीवर मर्यादा चालेल, स्वतंत्र खर्चावर नाही. आणि पुढे २०१० मध्ये तेच तत्त्व कंपन्या आणि युनियन्सनाही लागू केलं. हे तिने आम्हाला मुद्दाम आधी शिकवलं नव्हतं. घरी जाताना ट्रेनमध्ये माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मैत्रीण खिडकीशी बसून पुढच्या आठवड्याची भाषणं लिहीत होती.

पुढच्या बुधवारी काय झालं ते मात्र बघवलं नाही. शीतपेयवाल्यांनी बीन्सचा ढीग टेबलावर ओतला आणि बोलायला सुरुवात केली. काही चूक बोलत नव्हते. नोकऱ्या जातील, छोटे दुकानदार मरतील, कर गरिबांनाच बसेल. छान मांडणी, आकडे, विनोदसुद्धा. पण ते संपेचनात. मग डॉक्टरांनी आपली मूठ खर्च केली. तास संपायला आला तेव्हा निवृत्त बसड्रायव्हर उठला. त्याच्याकडे दोन बीन्स उरल्या होत्या. त्याने त्या ठेवल्या, टायमर सुरू झालं, आणि तो म्हणाला, “मी बस चालवायचो, मेट. शाळेची मुलं चढायची. त्यांच्या हातात काय असायचं ते मी बघायचो. मी एवढंच...” आणि टायमर वाजलं.

तो खाली बसला. वर्गात कोणी हसलं नाही. मी माझ्या बाकावर अवघडून गेले. ही शांतता माझ्या सहीने आली होती.

त्यानंतरचे दिवस मी वैतागलेली होते. न्यायाधीशाला स्वतः केस आणता येत नाही. कोणाला जाऊन ‘तू केस कर’ असं सांगणंही बरोबर नाही, हे बाबांनी बजावलं होतं. मैत्रिणीलाही कळत होतं. तिने एकदा भांडी घासताना मला विचारलं, तू माझ्यावर चिडलीयेस का. मी म्हटलं, तुझ्यावर नाही, तू तुझं काम केलंस. ती म्हणाली, मलाही ते म्हातारबाबांचं बरं नाही वाटलं. पण माझ्या क्लायंटच्या बीन्स आहेत, मी त्या वापरायच्या नाहीत का? त्या संध्याकाळी अंडाकरी होती, आणि ती मी केली होती.

उत्तर शोधलं ते बसड्रायव्हरने. पुढच्या बुधवारी तो पेन्सिलीने लिहिलेला अर्ज घेऊन कोर्टात हजर. त्याने माझी तीन पानं घरी नेऊन वाचली होती, म्हणाला, दोनदा. आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली होती. जो प्रश्न त्या दिवशी कोर्टासमोर नव्हता तो त्याने आता आणून ठेवला होता. त्याच एका पानाच्या संविधानात खाली आणखी एक ओळ होती, जिच्याकडे आमच्यापैकी कोणी लक्ष दिलं नव्हतं: या राज्यातल्या प्रत्येकाला सभागृहात उपस्थित राहण्याचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क राहील. त्याची मागणी एवढीच होती की प्रत्येकाला एक मिनिट फुकट मिळावं. ज्याला त्याहून जास्त बोलायचं त्याने खुशाल बीन्स खर्चाव्यात.

शीतपेयांची बाजू मांडायला मैत्रीण उठली. तिने अर्जाकडे पाहिलं, आपल्या गटाकडे पाहिलं, आणि सांगितलं की या मागणीला आमची हरकत नाही. तिच्या गटातला एक जण तिची बाही ओढत होता. तिने दुर्लक्ष केलं.

निकाल तीन विरुद्ध शून्य लागला. बॅलराटच्या मुलीने तो लिहिला, तीन पानं नाही, चार ओळी. मला जरा हेवा वाटला. प्राध्यापिकेने आम्हाला सावध केलं की खऱ्या अमेरिकेत असं फुकट मिनिट कोणी दिलेलं नाही. तिथे गरीब गटांना माणसं गोळा करावी लागतात, पत्रं लिहावी लागतात, दारोदार जावं लागतं, आणि कधीकधी ते जिंकतातही. दूधवाल्यांसाठी लढताना ती एकदा अशाच एका आजीबाईंच्या गटाकडून हरली होती. ती गोष्ट तिने फार चवीने सांगितली.

शेवटच्या तासाला सगळ्यांनी आपापलं मिनिट वापरलं. जे पूर्ण सेमिस्टर गप्प होते तेसुद्धा बोलले. काही जण फार वाईट बोलले, पण बोलले. बसड्रायव्हरने आपलं अर्धवट वाक्य पूर्ण केलं. सकाळच्या बसमध्ये चढणारी मुलं, त्यांच्या हातातल्या मोठाल्या बाटल्या, आणि त्याच्या स्वतःच्या नातवाच्या काळ्या पडलेल्या दुधाच्या दातांबद्दल. मग मतदान झालं. कर मंजूर झाला. पण शेवटच्या क्षणी त्यात एक दुरुस्ती आली, फळांच्या रसाला सूट. ती कुठून आली हे मी ओळखलं. मैत्रीण मधल्या सुट्टीत तीन आमदारांबरोबर कॉफी पीत बसली होती. प्राध्यापिका टेबलावर हात आपटून हसली आणि म्हणाली की संपूर्ण सेमिस्टरमध्ये यापेक्षा जास्त अमेरिकन काही घडलं नाही. उरलेल्या जेलीबीन्स आम्ही वाटून खाल्ल्या. मैत्रिणीला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले.

सेमिस्टर संपल्यावर थोड्याच दिवसांत इथल्या खऱ्या राज्याची निवडणूक होती. बसड्रायव्हरने आम्हा दोघींना बोलावलं: या, खरी कशी असते ते बघा. आम्हाला मत नव्हतं, पण बघायला कोण अडवतंय? एका शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या भागातल्या प्राथमिक शाळेत गेलो. बाहेर फाटकाशी वेगवेगळ्या पक्षांचे लोक पत्रकं वाटत होते आणि एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पाही मारत होते. शाळेच्या पालकांनी शेगडी लावली होती आणि सॉसेज भाजत होते. त्याने समजावलं की इथे मत देणं सक्तीचं आहे, नाही दिलं तर दंड, म्हणून निदान खायला तरी द्यायला हवं. मैत्रीण अंडं सोडलं तर शाकाहारी. तिला पावाच्या स्लाइसमध्ये नुसता परतलेला कांदा आणि सॉस मिळाला. तिने तो दोनदा घेतला.

तो आत मत द्यायला गेला तेवढ्यात ती पत्रकं वाटणाऱ्या एका बाईजवळ गेली आणि टार्निट स्टेशनच्या पार्किंगबद्दल बोलायला लागली. सकाळी आठनंतर जागा मिळत नाही, लोक चिखलात गाड्या लावतात, बस येते तर ट्रेन सुटल्यावर येते. बाई म्हणाली की टार्निट त्यांच्या मतदारसंघात येत नाही. मैत्रीण म्हणाली, नो वरीज, पण तिथेही तुमच्या पक्षाचा उमेदवार आहे ना? बाईने पत्रकाच्या मागे सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं की तू तिथली मतदार आहेस का. ती म्हणाली, नाही, अजून नाही.

तो बाहेर आला. मी सवयीने त्याच्या बोटाकडे पाहिलं. शाई नव्हती. इथे शाई लावत नाहीत, त्याने सांगितलं, उमेदवारांच्या नावांपुढे पेन्सिलीने पसंतीचे आकडे लिहायचे आणि घरी जायचं. मग त्याने स्वतःसाठी एक सॉसेज घेतलं, वर भरपूर कांदा घातला, आणि आम्ही तिघं शाळेच्या कट्ट्यावर उन्हात बसलो.